अनुदान : दान नव्हे, न्यास

सदर : धर्म आणि व्यवहार

चार वर्षांपूर्वीच्या दशलक्षण पर्वातील गोष्ट. सायंकाळची आरती आणि शास्त्रवाचन आटोपले होते आणि मंडळी मंदिराच्या ओवरीत बोलत बसली होती. सांगलीच्या हळद बाजारात सारी हयात घालवलेले एक स्नेही जवळ येऊन बसले. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर त्यांनी मनातली गोष्ट काढली.

“अण्णा, पोराने चांगली नोकरी सोडली. हळदीचा ओलावा मोजायचे यंत्र करतो म्हणतो. सात-आठ लाख लागतील. मी म्हटले, गावाकडची दोन एकर गहाण टाकू. तर म्हणतो, जमिनीला हात लावू नका, सरकारचे अनुदान मिळते. आता तुम्हीच सांगा. आपल्या घराने बोर्डिंगला दिले, पाठशाळेला दिले, पांजरपोळाला दिले. आजवर कुणापुढे हात पसरला नाही. तो आता सरकारपुढे पसरायचा?”

माझे आयुष्य हिशेबतपासनीस म्हणून गेले. यंत्रातले मला फारसे कळत नाही. परंतु या प्रश्नात यंत्रापेक्षा धर्माचा आणि हिशेबाचा भाग अधिक होता, म्हणून मी मुलाला कागद घेऊन यायला सांगितले. त्या कागदांच्या निमित्ताने पुढची तीन वर्षे जे पाहायला मिळाले, ते या सदराच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आज अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि संगणकशास्त्र शिकून स्वतःचा लहान उद्योग काढू पाहतात. त्यांच्या आईवडिलांपुढेही हाच प्रश्न केव्हा ना केव्हा येणार आहे.

आधी त्या यंत्राविषयी थोडेसे. हळद वाळली की नाही, हे बाजारात अजूनही हळकुंड मोडून पाहतात. नीट वाळलेले हळकुंड मोडताना खणकन आवाज येतो. आत ओल असली तर आवाज दबका येतो. अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार अख्ख्या हळदीत ओलावा १२ टक्क्यांहून अधिक असू नये. पण सौद्याच्या वेळी तो मोजणार कसा? मसाल्यातील ओलावा तपासण्याची प्रमाण पद्धत प्रयोगशाळेची आहे. टोल्युइन या द्रवाबरोबर नमुना उकळायचा आणि वेगळे झालेले पाणी मोजायचे. ती बाजारात उभ्याउभ्या होणारी गोष्ट नव्हे. त्यामुळे व्यापारी अंदाजाने वजनात घट धरतो आणि शेतकरी मनात शंका घेऊन घरी जातो. ओल अधिक राहिली तर साठवणीत बुरशी लागते, आणि मग नुकसान कुणाचे यावरून वाद होतो. मुलाच्या यंत्राचे तत्त्व साधे होते. पाण्याचा विद्युत्‌स्थिरांक ८० च्या आसपास असतो, कोरड्या वनस्पतिजन्य पदार्थाचा त्याच्या मानाने फारच थोडा. दोन पट्ट्यांमध्ये हळद ठेवून विद्युत्‌धारिता मोजली, तर तीवरून ओलाव्याचा अंदाज बांधता येतो. धान्यासाठी अशी यंत्रे मिळतात. हळकुंडासारख्या कठीण, ओबडधोबड आणि आतबाहेर सारख्या न वाळणाऱ्या वस्तूसाठी ते जमेल का, हा खरा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर प्रयोग केल्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते, त्या मुलालाही नाही.

शासकीय संशोधन अनुदानाचे सारे प्रयोजन या शेवटच्या वाक्यात आहे.

बँक कर्ज देते ते परतफेडीच्या विश्वासावर. यंत्र तयार आहे, मागणी आहे, तारण आहे, तर बँक पुढे येते. गुंतवणूकदार भांडवल देतो ते नफ्याच्या आशेवर, आणि त्याच्या मोबदल्यात कंपनीचा हिस्सा मागतो. पण ‘हे जमेल का?’ एवढाच प्रश्न जेव्हा हाती असतो, तेव्हा बँकेला तारण दाखवता येत नाही आणि गुंतवणूकदाराला बाजारपेठ दाखवता येत नाही. मोठ्या कंपनीकडे स्वतःचा संशोधन विभाग असतो. दहा प्रयोगांतले आठ फसले तरी ती तग धरते. लहान उद्योजकाचा एक प्रयोग फसला की घर बसते. म्हणून तो प्रयोगच करीत नाही, आणि त्याच्याबरोबर समाजही एका उपयुक्त वस्तूला मुकतो. एकट्याला न पेलणारी ही जोखीम सर्वांनी थोडी थोडी वाटून घ्यावी, हा अशा अनुदानामागील विचार आहे.

हा विचार अमेरिकेत पद्धतशीरपणे अमलात आला. तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनमधील रोलंड टिबेट्स या अधिकाऱ्याने १९७७ मध्ये लहान कंपन्यांच्या संशोधनासाठी एक प्रायोगिक योजना सुरू केली. पुढे १९८२ मध्ये त्याचा कायदा झाला. संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या केंद्रीय खात्यांनी त्या खर्चाचा ठरावीक लहानसा भाग छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवावा, असे त्यात ठरले. योजनेची आखणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या टप्प्यात थोडी रक्कम आणि थोडे महिने. कल्पना शक्य आहे का, एवढेच तपासायचे. ती शक्य ठरली तर दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम आणि सुमारे दोन वर्षे. तिसरा टप्पा बाजाराचा. तेथे या योजनेतून पैसा नाही. सरकार कंपनीत हिस्सा मागत नाही. पहिल्याच टप्प्यात ‘हे जमत नाही’ असे कळले, तर तेही थोड्या खर्चात मिळालेले ज्ञानच मानले जाते. मोबाइलच्या चिपांसाठी आज जगभर ओळखली जाणारी क्वालकॉम ही कंपनी बाल्यावस्थेत या योजनेची लाभार्थी होती. इस्रायलने निराळी वाट घेतली. तेथे वस्तू विकली जाऊ लागली की विक्रीतून थोडा थोडा भाग सरकारला परत द्यायचा. वस्तू बाजारात आलीच नाही, तर परतफेड नाही.

आपल्या देशातही ही कल्पना परकी नाही, आणि आपल्या समाजाला तर मुळीच नाही. मी माझ्या स्नेह्यांना दोन नावे सांगितली. पहिले वालचंद हिराचंद यांचे. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील या उद्योगपतीने १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, तेव्हा त्यात मैसूर संस्थानाचे भांडवल होते. दुसरे नाव डॉ. विक्रम साराभाई यांचे. अहमदाबादच्या ज्या जैन घराण्यात ते जन्मले, त्या घराला पैशाची वाण नव्हती. तरीही १९४७ मध्ये अटिरा ही वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था उभी राहिली, ती गिरण्यांची वर्गणी आणि शासनाचे साहाय्य या दोहोंच्या जोडीवर. साराभाई तिच्या उभारणीत अग्रभागी होते. शासनाशी भागीदारी करताना या दोघांपैकी कुणालाही आपण हात पसरतो आहोत असे वाटले नाही. कारण ते स्वतःसाठी मागत नव्हते. जे काम एकट्याच्या बळावर होत नाही, त्यासाठी भागीदार शोधत होते.

पुढे या कामासाठी स्वतंत्र व्यवस्था झाल्या. १९९६ मध्ये केंद्र शासनाचे तंत्रज्ञान विकास मंडळ स्थापन झाले. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बी या काविळीवरील पहिली भारतीय पुनर्संयोजित लस बाजारात आणली. मंडळाने सुरुवातीच्या काळात ज्या कंपन्यांना अर्थसाहाय्य केले, त्यांत ही एक होती. आयात लसीच्या मानाने ही लस कितीतरी स्वस्त असल्यामुळे ती सामान्य घरांच्या आवाक्यात आली. २००५ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने अमेरिकेच्या धर्तीवर लहान उद्योगांसाठी संशोधन योजना आणली, आणि २०१२ मध्ये त्यासाठी बायरॅक ही संस्था निर्माण केली.

अलीकडच्या काही योजना वाचकांच्या माहितीसाठी सांगतो. हाताने घडवता येईल अशा वस्तूचा पहिला नमुना तयार करण्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘निधी-प्रयास’ योजना आहे; तीत १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. औषधे, निदानसाधने, जैविक शेती अशा क्षेत्रांतील कल्पनेसाठी बायरॅकचे ‘बिग’ अनुदान १८ महिन्यांकरिता ५० लाखांपर्यंत असते. शेतीशी निगडित नव्या उद्योगांसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली प्रारंभीच्या कल्पनेला ५ लाखांपर्यंत आणि पुढच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत तरतूद आहे. ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ ही ९४५ कोटी रुपयांची योजना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. तीत नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा समभागात रूपांतर होणारे कर्जरोखे, अशी रचना ठरवण्यात आली. संरक्षण क्षेत्रासाठी २०१८ पासून ‘आयडेक्स’ आहे. यांतील बहुतेक पैसा थेट मंत्रालयातून येत नाही. विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांच्या आश्रयाने चालणाऱ्या इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योग केंद्रांमार्फत, तो हप्त्याहप्त्याने मिळतो. कंपनीचे वय, मान्यता, पूर्वी घेतलेले साहाय्य यांविषयी प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या बदलतातही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या त्या योजनेची ताजी मार्गदर्शिका स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

एवढे सांगितल्यावर स्नेह्यांचा विरोध थोडा मावळला. पण खरी परीक्षा पुढे होती, आणि ती उंबऱ्यावर चालत आली.

एक ‘सल्लागार’ त्यांच्या घरी आला. त्याचे म्हणणे असे की अर्ज मी लिहितो, मंजूरही करून आणतो. मिळेल त्यातले पंधरा टक्के मला द्या. हे पंधरा टक्के हिशेबात कसे दाखवायचे, याचीही तजवीज त्याच्यापाशी होती. सुटे भाग पुरवणारा एक ‘आपला माणूस’ वाढीव किमतीचे दरपत्रक देईल. तीन दरपत्रके लागतात. उरलेली दोन तोच दुसऱ्या नावांनी तयार करील. “सगळे असेच करतात,” असेही तो म्हणाला. मुलगा ते सारे कागद माझ्याकडे घेऊन आला. त्याचा चेहरा पडला होता. “काका, असे केले नाही तर मिळतच नाही का?” त्याने विचारले.

मी त्याला पाठशाळेत शिकलेली एक गोष्ट आठवायला सांगितली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे. जे घडले नाही ते घडले असे लिहिणे, खोटा दस्तऐवज करणे, असा त्याचा अर्थ. लहानपणी हे शब्द आपण पाठ केले, तेव्हा डोळ्यांपुढे जुन्या काळचा एखादा खोटे खत लिहिणारा सावकार येत असे. आज ते खोटे खत तीन दरपत्रकांच्या रूपाने आपल्याच मेजावर येऊन पडते, आणि आपण त्याला ‘पद्धत’ म्हणतो. नवे नाव दिल्याने अतिचार टळत नाही.

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. अर्ज नीटनेटका लिहिण्यासाठी जाणकाराला त्याच्या श्रमाचे ठरलेले मोल देणे यात गैर काही नाही. वकिलाला, लेखापरीक्षकाला आपण देतोच. गैर आहे ते मंजुरीची हमी आणि रकमेतला वाटा. जो मंजुरीची हमी देतो, तो एक तर खोटे बोलतो किंवा खोटे करतो. शिवाय अनुदानाची रक्कम ठरवून दिलेल्या कामासाठीच असते. त्यातून असा वाटा द्यायचा तर कोणत्या तरी खोट्या नावाखाली तो लपवावाच लागतो. सल्लागाराला त्या घरातून चहा मिळाला आणि निरोपही.

मुलाने स्वतः अर्ज लिहिला. तो नामंजूर झाला. परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. ते म्हणाले, “यंत्र छान आहे, पण हे कुणी मागितले आहे का? किती शेतकऱ्यांशी, व्यापाऱ्यांशी बोललात?” घरी थोडा अंधार पसरला. जमीन गहाण ठेवण्याचा विषय पुन्हा निघाला. मग तो मुलगा हंगामातले दोन महिने रोज सकाळी वडिलांबरोबर बाजारात जाऊन बसला. सौदे पाहिले, हमालांना विचारले, शेतकऱ्यांच्या तक्रारी वहीत टिपल्या, पिशव्यांतून नमुने घेऊन प्रयोगशाळेत ओलावा तपासून घेतला आणि तो व्यापाऱ्यांच्या अंदाजाशी ताडून पाहिला. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती वही जोडली होती. या वेळी साडेसात लाख रुपये तीन हप्त्यांत मंजूर झाले. मला वाटते, पहिल्या नकाराने त्याला जे शिकवले, ते पैशापेक्षा कमी मोलाचे नव्हते.

पैसा आला, आणि त्याबरोबर माझे काम सुरू झाले. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले की हा पैसा तुझा नाही. मंदिराच्या भांडारातला पैसा विश्वस्ताच्या हाती असतो, पण तो विश्वस्ताचा नसतो. देवद्रव्यातून स्वतःच्या दुकानाचे भाडे देण्याची कल्पनाही कुणी श्रावक करणार नाही; निर्माल्याला हात लावू नये, हे आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक असते. अनुदानाचेही असेच आहे. यात जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याचा पैसा आहे, आणि साबणाची एक वडी विकत घेताना नकळत कर देणाऱ्या, हळद शिजवणाऱ्या मजूर बाईचाही आहे. तिने तो तुझ्यापाशी ठेव म्हणून ठेवला आहे. हे दान नव्हे, हा न्यास आहे.

त्यानुसार आम्ही काही नियम केले. अनुदानासाठी बँकेत वेगळे खाते. मंजूर अंदाजपत्रकात ज्या शीर्षाखाली जेवढी रक्कम आहे, तेवढीच त्या शीर्षाखाली खर्च. बदल हवा असेल तर आधी लेखी परवानगी, मग खर्च. प्रत्येक पावती त्याच दिवशी चिकटवायची. घेतलेल्या उपकरणांची नोंदवही ठेवायची, कारण अनुदानातून घेतलेले उपकरण परवानगीवाचून विकता येत नाही. हप्त्याच्या शेवटी विनियोग प्रमाणपत्र वेळेवर द्यायचे, म्हणजे पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरला, असे लिहून द्यायचे. अनुदानाचा प्राप्तिकरात विचार कसा होतो, तेही आधीच पाहून ठेवले. हे नियम काही मी शोधून काढलेले नाहीत. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत आणि प्रत्येक योजनेच्या करारात ते या ना त्या रूपात असतातच. फरक इतकाच की पुष्कळ लोक ते शेवटच्या महिन्यात वाचतात.

एक व्यावहारिक अडचण मात्र आली, ती सांगितली पाहिजे. दुसरा हप्ता ठरल्या वेळी आला नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात पाच महिने गेले. मदतीला असलेल्या दोन मुलांचा पगार थांबला, सुटे भाग पुरवणारा तगादा लावू लागला. अशा वेळी पहिला मोह होतो तो एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याकडे वळवण्याचा. वडिलांनी स्वतःजवळचे दीड लाख रुपये मुलाच्या कंपनीला रीतसर लेखी उसने दिले आणि वेळ निभावली. सर्वांच्याच घरी दीड लाख नसतात. याकडे शेवटी पुन्हा येतो.

अनुदानाची मुदत संपत आली. यंत्र तयार झाले होते. हळकुंडांवर ते चांगले चालत होते. प्रयोगशाळेच्या आकड्याशी फरक एक-दीड टक्क्याच्या आत असे. पण गड्ड्यांवर ते फसत होते. गड्डा जाड असतो, बाहेरून वाळतो आणि आत ओल धरून ठेवतो. यंत्र त्याला कोरडा म्हणे, आणि प्रयोगशाळा ओला म्हणे. अर्जात मात्र मुलाने दोन्हींसाठी यंत्र करू, असे लिहिले होते. अंतिम अहवालाला पंधरा दिवस उरले होते. पुढच्या टप्प्याचे मोठे साहाय्य या अहवालावर अवलंबून असेल, असे त्याला वाटत होते. कुणीतरी मित्राने सुचवले की तक्त्यातून गड्ड्यांचे सर्वांत वाईट आकडे वगळ, सरासरी आपोआप सुधारेल. खोटे काहीच लिहायचे नाही, फक्त थोडे गाळायचे.

त्या रात्री तो आणि त्याचे वडील माझ्याकडे आले. मी काही बोलण्याआधी वडीलच बोलले.

“चाळीस वर्षे मी आडतीत तराजू धरला. गिऱ्हाईक नडलेले असो, शेतकरी अडाणी असो, दांडीला कधी बोट लावले नाही. तू यंत्र करतोस तेसुद्धा लोकांचे माप खरे व्हावे म्हणून ना? मग तुझ्याच कागदाला बोट कसे लावशील?”

ज्या गृहस्थांना तीन वर्षांपूर्वी अनुदान घेणे कमीपणाचे वाटत होते, तेच आता त्या अनुदानाचे खरे विश्वस्त झाले होते. खोटी मापे ठेवणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे, हे आपण ऐकतो. खोटे मोजमाप लिहिणे हीसुद्धा त्याचीच दुसरी बाजू आहे, हे त्या रात्री मलाही नव्याने कळले. संशोधन अनुदानात अपयश हा गुन्हा नसतो. ते घडू शकते, हे धरूनच पैसा दिलेला असतो. गुन्हा असतो तो अपयश लपवण्याचा. कारण ते लपवले, तर उद्या दुसरा कुणी तोच प्रयोग तशाच पट्ट्यांनी पुन्हा करील, लोकांचा पैसा पुन्हा तेथेच खर्च होईल, आणि खोट्या आकड्यावर विश्वासून ओली हळद साठवणाऱ्याचे नुकसान होईल ते निराळेच.

अहवालात सारे आकडे गेले. गड्ड्यांसाठी हे यंत्र आज विश्वसनीय नाही, असे स्पष्ट वाक्य गेले आणि ते का नाही याची मीमांसाही गेली.

हिशेब मिटवताना खात्यात ८३ हजार रुपये शिल्लक होते, आणि त्यावर बँकेने दिलेले काही हजारांचे व्याज. शिल्लक परत करायची हे ठरलेलेच होते. व्याजाविषयी मात्र त्या कार्यालयातून कुणी विचारले नव्हते. पाठवलेल्या नमुन्यात त्याचा रकानाही नव्हता. मुलगा म्हणाला, “काका, विचारलेच नाही, तर?” सत्याणुव्रताच्या त्याच यादीतला आणखी एक अतिचार मी त्याला सांगितला. ‘न्यासापहार’. आपले आचार्य त्याचे उदाहरण मोठे मार्मिक देतात. ठेव ठेवणारा किती ठेवले ते विसरतो आणि कमी मागतो. तेव्हा ‘हो, एवढेच होते’ असे म्हणून उरलेले स्वतःकडे ठेवणे, हा न्यासापहार. ठेवीदाराने विचारले नाही, म्हणून ठेव आपली होत नाही. अनुदानावरील व्याजही शासनाकडे जमा करावे, असे सामान्य वित्तीय नियम सांगतात. शास्त्र आणि नियम येथे एकच बोलतात. व्याजाचा धनाकर्ष पत्रासह गेला.

आता वाचक विचारतील की पुढे काय झाले. पुढच्या टप्प्याचे साहाय्य त्या वर्षी मिळाले नाही. मात्र परीक्षकांपैकी एका प्राध्यापकांनी स्वतःहून गड्ड्यांच्या अडचणीवर काम करण्यासाठी आपली प्रयोगशाळा त्याला उघडी करून दिली. बाजारातील दोन आडतींवर हळकुंडांसाठी त्याची यंत्रे चालू आहेत. कंपनी अजून नफ्यात नाही. जमीन मात्र गहाण पडली नाही, आणि रात्री त्या घरात सर्वांना झोप लागते. माझ्या दृष्टीने हा ताळेबंद वाईट नाही.

शेवटी समाजाला एक विनंती. आपल्याकडे वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि औषधोपचार निधी यांची मोठी परंपरा आहे. तीत तीन लहान गोष्टींची भर घालता येईल. पहिली, प्रत्येक मोठ्या गावात निवृत्त लेखापरीक्षक, प्राध्यापक आणि अभियंते यांनी महिन्यातून एक संध्याकाळ तरुणांचे अर्ज वाचण्यासाठी द्यावी. मोबदला न घेणारा जाणकार भेटला, तर पंधरा टक्केवाल्याला दाराशी उभे राहायला जागा उरणार नाही. दुसरी, हप्ता लांबला की तो येईपर्यंत पुरेल असा लहानसा बिनव्याजी हातउसना निधी सभेने ठेवावा. मंजुरीचे पत्र पाहून द्यावा आणि हप्ता आला की परत घ्यावा. एका कुटुंबाला जे दीड लाख वडिलांकडून मिळाले, ते दुसऱ्याला समाजाकडून मिळावेत. तिसरी गोष्ट पैशाची नाही. मुलगा किंवा मुलगी जेव्हा सांगते, “प्रयोग फसला, आणि मी तसे लिहून दिले”, तेव्हा घरात तिचे कौतुक व्हावे. यशाचे हार आपण पुष्कळ घालतो. खरे माप लिहिणाऱ्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवावा, एवढेच.

माझे स्नेही आता थकले आहेत, पण सकाळी बाजारात जातात. त्यांच्या गादीशेजारी जुना पितळी तराजू आहे, आणि त्याच्या बाजूला मुलाचे ते यंत्र. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘फक्त हळकुंडासाठी.’

जय जिनेंद्र.